घरच्या उळ्यात तीन वर्षांनी दिसलेला पांढरा कांदा: निफाड तालुक्यातील एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यातल्या एका शेतकरी कुटुंबाचे आहे. कुटुंबाच्या संमतीने ते येथे मांडले असून गावाचे नाव आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. कुटुंबप्रमुखांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांची मुलगी नाशिक शहरात वनस्पतिशास्त्रात पदवीचे शिक्षण घेत होती आणि ती माझी विद्यार्थिनी असल्यामुळे हे प्रकरण माझ्यापर्यंत आले.

अण्णांच्या घरी उन्हाळ कांद्याचे बियाणे विकत आणण्याची पद्धत नव्हती. एन-२-४-१ या जुन्या रब्बी वाणातून त्यांच्या वडिलांनी निवड करत आणलेला लाल, गोल, पातळ मानेचा आणि चाळीत (कांदा साठवण्याच्या हवेशीर शेडमध्ये) चांगला टिकणारा कांदा हीच त्या घराची ओळख होती. एप्रिलमध्ये काढलेल्या कांद्यातून चांगले कांदे निवडायचे, चाळीत पावसाळा काढून टिकलेले कांदे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये डोंगळ्यासाठी, म्हणजे बी धरण्यासाठी, पुन्हा लावायचे, फेब्रुवारीत ते फुलायचे आणि एप्रिल-मे मध्ये गोंडे (फुलांचे गुच्छ) खुडून, वाळवून, मळून उळे, म्हणजे कांद्याचे बी, तयार करायचे, असा हा क्रम होता. ते उळे पुढच्या ऑक्टोबरात रोपवाटिकेत टाकले की त्याचा कांदा हाती यायला आणखी एक एप्रिल उजाडावा लागतो. म्हणजे कांद्यापासून कांद्यापर्यंतची एक पिढी दोन वर्षांची होते. पुढचे सारे प्रकरण समजण्यासाठी हा दोन वर्षांचा हिशेब लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

घरच्या गरजेपेक्षा जास्त झालेले उळे अण्णा नातेवाइकांना आणि गावातल्या काही शेतकऱ्यांना देत असत, काहींना विकतही असत. वाणांचे संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क यासंबंधीचा २००१ चा कायदा शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातले बियाणे जपण्याचा, वापरण्याचा, अदलाबदल करण्याचा आणि ब्रँडचे नाव न लावता विकण्याचा हक्क देतो, त्यामुळे यात गैर काहीच नव्हते. मात्र या व्यवहारामुळे पुढे एक कठीण निर्णय घ्यावा लागला.

अडचण

एका एप्रिलमध्ये कांदा काढणी चालू असताना लाल कांद्यांच्या ओळींत पांढरे कांदे दिसू लागले. दर शंभरात साधारण एक कांदा पूर्ण पांढरा होता आणि त्याहून थोडे कमी कांदे पिवळट होते. अण्णांनी आधी तिकडे दुर्लक्ष केले. परंतु लासलगावच्या लिलावात रंग एकसारखा नसलेल्या मालाचा भाव पडतो, शिवाय ज्यांना उळे दिले होते त्यांच्यापैकी एकाने फोन करून तीच तक्रार सांगितली, तेव्हा विषय गंभीर झाला.

अण्णांचा पहिला संशय असा होता की मळणीच्या वेळी शेजारच्या खळ्यावरचे पांढऱ्या कांद्याचे बी त्यांच्या बियात मिसळले असावे. शेजाऱ्यांनी निर्जलीकरण उद्योगासाठी पांढऱ्या कांद्याचे बीजोत्पादन खरोखरच घेतले होते, पण ते तीन वर्षांपूर्वी. त्यानंतर त्यांनी पांढरा कांदा लावलेला नव्हता. आधीच्या खेपेचा कांदा तर पूर्ण लाल निघाला होता, आणि त्याच लाल कांद्यांतून निवडलेल्या डोंगळ्यांचे हे बी होते. मग तीन वर्षांपूर्वीचा पांढरा कांदा मधली एक पिढी लपून राहिला कुठे, हा अण्णांचा प्रश्न अगदी रास्त होता.

कोणते तर्क तपासले

पहिला तर्क खतांचा आणि हवामानाचा होता. गावातल्या अनेकांचे मत होते की पालाश कमी पडले किंवा अवकाळी पाऊस झाला की कांद्याचा रंग उतरतो. रंगाची छटा परिस्थितीने बदलते हे खरे आहे, परंतु तसे असते तर गडद लाल ते फिकट लाल अशा सगळ्या पायऱ्या दिसल्या असत्या आणि त्या शेताच्या एखाद्या भागात अधिक दिसल्या असत्या. येथे शेजारी शेजारी वाढलेल्या दोन कांद्यांपैकी एक नेहमीसारखा लाल आणि दुसरा आतपर्यंत पांढरा होता. हा तर्क लवकरच बाजूला पडला.

दुसरा तर्क बियाण्याच्या भेसळीचा. भेसळीने आलेला पांढरा कांदा शेजाऱ्यांच्या वाणाच्या आकाराचा आणि त्याच वेळी तयार होणारा असायला हवा होता. प्रत्यक्षात अनेक पांढऱ्या कांद्यांची मान, गोलाई आणि पात पडण्याची वेळ अण्णांच्या लाल कांद्यासारखी होती, तर काहींची त्या दोहोंच्या मधली होती. त्याहून महत्त्वाचा पुरावा पिवळट कांद्यांचा होता. पिवळा कांदा त्या परिसरात कोणी लावतच नव्हते, त्यामुळे तो भेसळीने येणे शक्य नव्हते.

तिसरा तर्क अचानक झालेल्या जनुकीय बदलाचा होता आणि तो विद्यार्थिनीने स्वतः मांडला. असे बदल होतात, पण अत्यंत विरळ होतात; शंभरात एक हे प्रमाण त्यात बसत नाही.

उरला तो चौथा तर्क: तीन वर्षांपूर्वी मधमाश्यांनी शेजारच्या पांढऱ्या डोंगळ्यांचे पराग अण्णांच्या लाल डोंगळ्यांवर आणले असावेत, त्या संकरातून झालेले कांदे लालच दिसले असावेत, आणि त्या लाल कांद्यांनी फुलताना जे परागकण आणि बीजांडे तयार केली त्यांत पांढरेपण पुन्हा सुटे झाले असावे. हा तर्क पटण्यासाठी फुलाच्या आत पेशी कशा विभागतात हे पाहणे भाग होते.

फुलात काय घडते

कांद्याच्या प्रत्येक साध्या पेशीत १६ गुणसूत्रे असतात, म्हणजे ८ जोड्या. प्रत्येक जोडीतले एक गुणसूत्र परागाकडून आणि एक बीजांडाकडून आलेले असते. मुळे वाढतात, पात वाढते, जोडकांदा होतो, तेव्हा पेशींचे सूत्री विभाजन होते आणि नव्या पेशीला १६ च्या १६ गुणसूत्रे जशीच्या तशी मिळतात. अण्णांनी विचारले होते की त्यांच्या लसणात असे वेगवेगळे रंग कधीच का निघत नाहीत. त्याचे उत्तर येथेच आहे: लसूण पाकळीने लावला जातो, त्यात युग्मके (पराग आणि बीजांडातील जननपेशी) तयार होऊन एकत्र येण्याचा टप्पाच नसतो, म्हणून पाकळीतून उगवलेला लसूण हा मूळ गड्ड्याचीच हुबेहूब पुढची वाढ असतो. कांद्याचे उळे तसे नसते.

गोंडा पापुद्र्याच्या आवरणात असतानाच, कळ्या अगदी बारीक असताना, परागकोशातील मातृपेशींचे अर्धगुणसूत्री विभाजन होते. आधी प्रत्येक गुणसूत्राची प्रत तयार होते, त्यामुळे ते दोन जोडलेल्या धाग्यांचे बनते. मग सजातीय, म्हणजे एकाच जोडीतली, गुणसूत्रे एकमेकांना शोधून लांबीभर चिकटतात आणि त्यांच्या धाग्यांचे तुकडे परस्परांत बदलले जातात. ही अदलाबदल झाल्यानंतर पहिल्या विभाजनात जोडीतले एक गुणसूत्र एका बाजूला आणि दुसरे दुसऱ्या बाजूला जाते. कोणते कुठे जाईल हे प्रत्येक जोडीसाठी स्वतंत्रपणे ठरते. दुसऱ्या विभाजनात प्रत्येक गुणसूत्राचे दोन धागे वेगळे होतात. एका मातृपेशीपासून अशा चार पेशी होतात, प्रत्येकीत ८ गुणसूत्रे असतात, आणि त्यांचे पुढे परागकण बनतात. तुकड्यांची अदलाबदल बाजूला ठेवली तरी केवळ ८ जोड्यांच्या वाटपातून एका झाडाला २५६ प्रकारचे परागकण तयार करता येतात. अदलाबदल धरली तर दोन परागकण पूर्णतः सारखे निघणे जवळजवळ अशक्य आहे.

बीजांडातही असेच विभाजन होते, परंतु तेथे मिळालेल्या पेशींपैकी बहुतांश वाया जातात. कांद्यात पहिल्या विभाजनानंतर होणाऱ्या दोन पेशींपैकी वरची नष्ट होते आणि खालच्या पेशीपासून भ्रूणकोश (ज्यात अंडे असते तो कोश) तयार होतो. अंड्यात शेवटी ८ गुणसूत्रे असतात. त्यामुळे आईकडचे कोणते रूप बियात उतरेल हे त्या एका टिकलेल्या पेशीवर अवलंबून असते.

आता रंगाकडे वळू. कांद्याच्या रंगावर अनेक जनुकांचा प्रभाव असतो. या प्रकरणात त्यांपैकी दोन महत्त्वाची होती. एकाला आपण रंगाचे जनुक म्हणू. त्याचे चालू रूप एका जरी गुणसूत्रावर असले तरी कांद्याला रंग येतो आणि दोन्ही गुणसूत्रांवर बंद रूप आले तरच कांदा पांढरा होतो. दुसऱ्याला लालीचे जनुक म्हणू; त्याचे चालू रूप असल्यास अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य तयार होते, आणि दोन्ही रूपे बंद असल्यास क्वेर्सेटिनसारख्या द्रव्यांचा पिवळा रंग तेवढा उरतो. पांढऱ्या कांद्याचा आणखी एक प्रकार असतो, ज्यात रंग दाबणारे जनुक प्रभावी असते. शेजाऱ्यांचा कांदा त्या प्रकारचा असता तर पहिल्याच पिढीत पांढरट कांदे दिसले असते. तसे झाले नव्हते. म्हणून येथला पांढरेपणा अप्रभावी होता, हा निष्कर्ष काढता आला.

पहिल्या पिढीतल्या संकरित कांद्यांत रंगाचे एक चालू आणि एक बंद रूप होते. ते लाल दिसले, चाळीत टिकले, निवडले गेले आणि लावले गेले. त्यांच्या परागकोशात जेव्हा सजातीय गुणसूत्रे वेगळी झाली, तेव्हा प्रत्येक मातृपेशीपासून झालेल्या चार परागकणांपैकी दोघांत चालू आणि दोघांत बंद रूप गेले. बंद रूप लालीत मिसळून फिकट झाले नव्हते. एक पिढी झाकलेले राहून ते अखंड बाहेर पडले. ग्रेगर मेंडेल यांनी १८६६ मध्ये वाटाण्यावरील निबंधात हेच आकड्यांतून दाखवले आणि वॉल्टर सटन यांनी १९०३ पर्यंत त्याचा संबंध गुणसूत्रांच्या वाटपाशी जोडला. निफाडच्या शेतात दिसलेला पांढरा कांदा हा त्याच नियमाचा परिणाम होता.

आकडेही या तर्काला साथ देत होते. शंभरात एक कांदा पांढरा असेल, तर त्याचा अर्थ दहापैकी एका परागकणात आणि दहापैकी एका अंड्यात बंद रूप होते, कारण एक दशांश गुणिले एक दशांश म्हणजे एक शतांश. संकरित कांद्यांच्या निम्म्या युग्मकांत ते रूप जाते हे लक्षात घेता, पहिल्या पिढीतले सुमारे वीस टक्के कांदे संकरित असले पाहिजेत. पांढऱ्या वाणात लालीचेही बंद रूप असेल आणि दोन्ही जनुके स्वतंत्रपणे वाटली जात असतील, तर अशा संकरातून लाल, पिवळे आणि पांढरे यांचे प्रमाण ९ : ३ : ४ येते, त्यामुळे लाल कांद्यांच्या गर्दीतही पांढरे आणि पिवळे यांचे प्रमाण चारास तीन यायला हवे. शेतातली स्थिती त्याच्या जवळपास होती. एकाच गोंड्यावरच्या फुलांत काही स्वपरागणही होते, म्हणून वीस टक्क्यांचा आकडा काहीसा वाढीव असू शकतो, परंतु दिशा स्पष्ट होती.

विद्यार्थिनीने त्याच हंगामात डोंगळ्याच्या कोवळ्या कळ्या अल्कोहोल आणि ॲसेटिक आम्लाच्या मिश्रणात ठेवून प्रयोगशाळेत आणल्या होत्या. अ‍ॅसिटोकारमाइनने रंगवलेल्या काचपट्टीवर ८ जोड्या स्वच्छ दिसल्या आणि अण्णांनी एकदा नाशिकला आले असताना त्या सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या. कोणत्या गुणसूत्रावर कोणते रूप आहे हे अशा काचपट्टीवरून कळत नाही, त्यामुळे तिला पुरावा म्हणता येणार नाही. तरीही, बी हे आईकांद्याची प्रत नसते ही गोष्ट अण्णांना त्या दिवशी जेवढी पटली तेवढी माझ्या बोलण्याने पटली नव्हती.

पर्याय

सर्वांत सोपा पर्याय अण्णांनीच सुचवला. ते म्हणाले, "सर, पांढरे आणि पिवळे कांदे काढून फेकले की झालं. एवढ्यासाठी वर्षं कशाला घालवायची?" हा पर्याय बिनखर्चाचा होता आणि बहुतेक शेतकरी हेच करतात. पण त्यात मोठी फसगत आहे. शंभरात एक पांढरा दिसतो तेव्हा उरलेल्या लाल कांद्यांपैकी सुमारे १८ कांदे बंद रूप बाळगून असतात आणि ते डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत. प्रत्येक पिढीत फक्त पांढरे काढत गेलो तर बंद रूपाचे प्रमाण दहात एकवरून वीसात एकवर यायला दहा पिढ्या लागतात, म्हणजे उन्हाळ कांद्याच्या हिशेबाने वीस वर्षे. अण्णांनी हा हिशेब स्वतः कागदावर करून पाहिला आणि त्यानंतर हा पर्याय पुन्हा बोलण्यात आला नाही.

दुसरा पर्याय घरचे बियाणे सोडून देण्याचा होता. चितेगाव फाट्यावरील राष्ट्रीय बागवानी संशोधन आणि विकास प्रतिष्ठानचे किंवा राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाचे शुद्ध बियाणे घेता आले असते. व्यवहाराच्या दृष्टीने हा पर्याय चुकीचा मुळीच नव्हता, आणि ज्याच्याकडे जपण्यासारखे वाण नाही त्याला मी हाच सल्ला देईन. परंतु दोन पिढ्यांची निवड, विशेषतः चाळीत टिकण्याचा गुण, त्यासोबत गेला असता.

तिसरा पर्याय म्हणजे लाल दिसणाऱ्या प्रत्येक आईकांद्याची संततीवरून परीक्षा घेणे. एखादा लाल कांदा स्वतःच्याच परागाने फळवला, तर बंद रूप बाळगणाऱ्या कांद्याच्या संततीत चारांत एक कांदा पांढरा निघतो. न बाळगणाऱ्याच्या संततीत एकही निघत नाही. संततीतले वीस कांदे तपासले आणि सगळे रंगीत निघाले, तर आईकांद्यात बंद रूप असूनही आपण फसण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास उरते. या पर्यायात मेहनत आणि वेळ दोन्ही जास्त लागणार होते. शिवाय एक धोका होता: कांदा हे परपरागित पीक असल्यामुळे स्वपरागणाची संतती कमजोर निघते.

जुने, संकर होण्याआधीचे उळे घरात असते तर चौथा आणि सर्वांत चांगला पर्याय उपलब्ध झाला असता. पण साध्या साठवणुकीत कांद्याच्या बियाची उगवणशक्ती वर्षभरात झपाट्याने घटते आणि जुने बी अण्णांनी ठेवलेले नव्हते.

निर्णय आणि कार्यवाही

कुटुंबाने तिसरा पर्याय निवडला आणि मधल्या वर्षांत बाजारासाठीच्या कांद्याला बाहेरचे शुद्ध बियाणे वापरायचे ठरवले. हा दुहेरी निर्णय महत्त्वाचा होता, कारण त्यामुळे उत्पन्नाची टांगती तलवार शुद्धीकरणाच्या कामावर राहिली नाही.

त्याआधी मात्र हाताशी असलेल्या उळ्याचे काय करायचे हे ठरवावे लागले. त्या वर्षीचे ताजे उळे तयार होते, मागणी होती आणि दरही चांगला मिळत होता. पाहणाऱ्याला त्यात काहीच खोट दिसली नसती. अण्णांनी ते विकले नाही, आणि ज्यांना आधीच्या खेपेचे बी दिले होते त्यांना घरी जाऊन सांगितले की त्या कांद्यातून डोंगळे लावू नका, कांदा बाजारात विकायला हरकत नाही. दोघा-तिघांनी नाराजी व्यक्त केली. माझ्या मते या प्रकरणातला हा सर्वांत अवघड आणि सर्वांत योग्य निर्णय होता, कारण प्रत्येक नव्या बीजोत्पादनाबरोबर ते बंद रूप आणखी शेतांत पोहोचले असते आणि मग ते परत गोळा करणे कोणाच्याच हातात राहिले नसते.

ऑक्टोबरात चाळीतून टिकलेले, उत्तम आकाराचे शे-सव्वाशे लाल कांदे निवडून वेगवेगळ्या क्रमांकांनी लावण्यात आले. किती कांदे घ्यायचे यावर बरीच चर्चा झाली. वीस-पंचवीस कांद्यांवर काम सोपे झाले असते, पण तेवढ्याच कांद्यांतून पुढचे सारे वाण उभे केले असते तर त्यातली विविधता आटली असती आणि ते कमजोर झाले असते. म्हणून जास्त मेहनतीचा आकडा स्वीकारला.

फेब्रुवारीत प्रत्येक झाडाचा एक गोंडा फुले उमलण्याआधीच बारीक मलमलच्या पिशवीत बांधला. कांद्याच्या फुलात परागकोश आधी फुटतात आणि कुक्षी (पराग स्वीकारणारे टोक) नंतर परिपक्व होते, त्यामुळे एकटे फूल स्वतःला फळवू शकत नाही. परंतु गोंड्यातली फुले दोन ते चार आठवडे टप्प्याटप्प्याने उमलत असल्यामुळे उशिरा उमललेल्या फुलाचे पराग आधीच्या फुलाच्या कुक्षीवर लावता येतात. विद्यार्थिनी आणि तिची आई सकाळी पिशवी उघडून मऊ कुंचल्याने हे काम करीत. एका झाडाचा कुंचला दुसऱ्याला लागू नये म्हणून तो मध्ये अल्कोहोलने पुसून वाळवला जाई. मार्चमधल्या गारपिटीने काही गोंडे मोडले आणि काही पिशव्यांत बी फारच कमी धरले; ती झाडे परीक्षेतून वगळावी लागली.

पुढच्या ऑक्टोबरात प्रत्येक झाडाचे बी वेगळ्या लहान वाफ्यात टाकले गेले. येथे एक पेच उभा राहिला. या संततीतले कांदे लहान निघतील असा अंदाज होताच, पण जानेवारीत रोपांची वाढ पाहून अण्णा धास्तावले आणि शुद्धीच्या नादात वाण बिघडवत आहोत असे त्यांना वाटू लागले. काम थांबवण्याचा विचार त्यांनी गंभीरपणे केला. स्वपरागणाने सजातीय गुणसूत्रांवर सारखीच रूपे एकत्र येण्याचे प्रमाण वाढते आणि त्यामुळे दडलेले दोष उघडे पडतात; पण वेगवेगळ्या आईकांद्यांची ही संतती पुढच्या खेपेला एकमेकांत मिसळून फुलवली की गुणसूत्रांच्या जोड्या पुन्हा भिन्न कुळांतून बनतात आणि जोम परत येतो, हे त्यांना समजावून सांगितले. त्यांनी आणखी एक हंगाम थांबण्याचे मान्य केले.

एप्रिलमध्ये वाफे काढले तेव्हा निकाल स्पष्ट होता. बहुतेक वाफे पूर्ण लाल होते. काही वाफ्यांत पांढरे, काहींत पिवळे आणि मोजक्या वाफ्यांत दोन्ही निघाले. असे सगळे वाफे, त्यांतल्या उत्तम लाल कांद्यांसह, बाद करण्यात आले. एकूण वाफ्यांच्या पावाहून ते थोडे कमी होते. आकाराने सुंदर लाल कांदे केवळ त्यांच्या भावंडांत पांढरा निघाला म्हणून टाकून देणे अण्णांना जड गेले, पण तेच या परीक्षेचे सार होते.

उरलेल्या वाफ्यांतून प्रत्येकी सारख्या संख्येने कांदे घेऊन ते एकत्र मिसळले आणि डोंगळे दुसऱ्या गावातील नातेवाइकांच्या शेतात लावले, जेथे आसपास दुसरे कोणतेही कांदा बीजोत्पादन नव्हते. कांद्याच्या प्रमाणित बियाण्यासाठी ५०० मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी १००० मीटर विलगीकरण अंतर ठरवलेले आहे. येथे मोठे अंतर पाळले. मधमाश्यांची मुक्त ये-जा या वेळी हवीच होती, कारण कुळांची सरमिसळ त्यांच्यामुळेच होणार होती.

निष्पत्ती

पहिला पांढरा कांदा दिसल्यापासून चार वर्षांनी, नव्या उळ्याचा कांदा अण्णांच्या स्वतःच्या शेतात निघाला. कांद्याचा आकार पूर्ववत झाला होता. पांढरे कांदे दिसले नाहीत. एका कोपऱ्यात मोजके पिवळट कांदे निघाले, याचा अर्थ लालीचे बंद रूप बाळगणारे एखादे कूळ परीक्षेतून निसटले असावे. लालीसाठीचे प्रमाणही चारांत एक असेच असले, तरी पिवळट आणि फिकट लाल यांत डोळ्याने फरक करणे कठीण जाते आणि चूक बहुधा तेथे झाली. चाळीत टिकण्याचा गुण जुन्याइतकाच आहे की नाही हे ठरवायला एक पावसाळा पुरेसा नाही. पहिल्या वर्षाची सड नेहमीपेक्षा जास्त नव्हती.

शेजाऱ्यांशी झालेले बोलणे हीदेखील या प्रकरणाची जमेची बाजू आहे. त्यांनी कोणतीही चूक केलेली नव्हती, आणि सुरुवातीच्या भेसळीच्या संशयामुळे दोन घरांत आलेला दुरावा खरे कारण कळल्यावर मिटला. आता डोंगळे लावण्याआधी दोन्ही घरे एकमेकांना विचारतात.

वेगळे काय करता आले असते

शेजारच्या शेतात पांढरे डोंगळे फुलले आहेत हे त्या वर्षी अण्णांना दिसत होते. त्याच वेळी शेजाऱ्यांच्या बांधाकडच्या ओळींचे गोंडे वेगळे खुडून त्यांचे उळे बीजोत्पादनासाठी वापरायचे नाही असे ठरवले असते, तर बहुतांश संकर तेथेच रोखला गेला असता, कारण अंतर वाढत जाते तसे परके पराग पोहोचण्याचे प्रमाण घटते. यासाठी एक रुपयाही खर्च झाला नसता.

दर वर्षीच्या उळ्याचा थोडा नमुना चांगला वाळवून, सिलिका जेलसह हवाबंद डब्यात, शीतकपाटात ठेवला तर तो काही वर्षे उगवणक्षम राहतो. तसा नमुना असता तर चार वर्षांचे सारे काम एका बीजोत्पादनात आटोपले असते. विद्यार्थिनीने आता ही सवय घरात लावली असून डब्यांवर वर्ष आणि शेताचे नाव लिहिले जाते.

परीक्षेची पद्धतही बदलता आली असती. स्वपरागणाऐवजी प्रत्येक झाडाच्या एका गोंड्यावर पांढऱ्या कांद्याचे पराग लावले असते, तर बंद रूप बाळगणाऱ्या झाडाच्या संततीत निम्मे कांदे पांढरे निघाले असते आणि प्रत्येक झाडामागे वीसऐवजी सात-आठ कांदे तपासणे पुरले असते. मात्र त्यासाठी त्याच झाडाच्या दुसऱ्या गोंड्याचे शुद्ध बी वेगळे घ्यावे लागते, म्हणजे प्रत्येक झाडावर दोन प्रकारच्या पिशव्या आणि दुप्पट नोंदी. शिवाय परीक्षेसाठी मुद्दाम पांढरे डोंगळे जवळ वाढवावे लागतात, ज्यांच्यापासून पळण्यासाठी हा सारा खटाटोप चालला होता. कुशल मनुष्यबळ आणि जाळीचे पिंजरे असलेल्या ठिकाणी मी ही पद्धत पसंत करेन. दोन माणसांच्या भरवशावर चालणाऱ्या घरगुती शेतात स्वपरागणाची पद्धत अधिक सुरक्षित वाटते.

पिवळट कांद्यांच्या बाबतीत, वाफे काढताना कांदे उभे चिरून आतल्या पापुद्र्यांची लाली पाहिली असती तर निसटलेले कूळ कदाचित सापडले असते. असा उभा चिरलेला कांदा सहसा लावत नाहीत, म्हणून प्रत्येक वाफ्यातले कांदे दोन गटांत विभागावे लागतील, काही चिरण्यासाठी आणि काही लावण्यासाठी. उरलेल्या पिवळट कांद्यांसाठी पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा स्वपरागणाची परीक्षा घ्यायची आणि काढणीला हे चिरून पाहणे जोडायचे असे ठरले असून त्यासाठीचे आईकांदे चाळीत वेगळे ठेवले आहेत.